हवा धुणारी भिंत

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशीं शाळेच्या सभागृहांत पालक व शिक्षक यांची जी सभा भरली होती, तींत आम्हीं सुमारें पाऊण तास भाषण केलें, हें आपल्यापैकीं कित्येकांस आठवत असेल. जुन्या दगडी इमारतींतील चार काळोख्या वर्गांच्या दुरुस्तीसाठीं माजी विद्यार्थ्यांनीं जमविलेली रक्कम कोणत्या कामीं लावावी, असा त्या सभेपुढें प्रश्न होता. कांहीं सभासदांचें म्हणणें, जाड भिंती फोडून नव्या खिडक्या व झरोके काढावे. आमचें म्हणणें असें कीं, भिंती फोडण्याचा खटाटोप करण्यापेक्षां त्यांवर एक नव्या तऱ्हेचा लेप द्यावा. हा लेप उजेडाच्या योगानें जागा होतो आणि खोलीच्या हवेंतील विषारी वायु खाऊन टाकतो. भाषण रंगलें, टाळ्याही पडल्या. आज त्याच भाषणाचा जबाब द्यावयास आम्ही या पानांवर उभे आहों. संपादकांनीं विज्ञानावर कांहीं मनोरंजक लिहून मागितलें होतें. हें मनोरंजक होईल कीं नाहीं तें सांगवत नाहीं, परंतु खरें मात्र आहे.

या लेपाची व आमची गांठ आमच्या आईमुळें पडली. आमचें बालपण रत्नागिरीच्या उत्तरेस समुद्रकांठच्या एका लहान गांवीं गेलें. वडील तेथील प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. घर चिऱ्याचें, वर कौलें, आणि स्वयंपाकघरास हातभर रुंदीची एकच खिडकी. तीही पावसाळ्यांत बंद. चुलींत माडाच्या झावळ्या, आंब्याच्या डहाळ्या व अर्धवट ओलीं लांकडें जळत, आणि त्या धुरांत आमची आई पहांटेपासून फुंकणी घेऊन बसे. आम्ही पाढे पाठ करीत तिच्याजवळ बसलों म्हणजे डोळ्यांतून पाणी वाहूं लागे. ती म्हणे, ‘बाळा, तूं पडवींत जाऊन बैस.’ स्वतः मात्र ती कधीं उठली नाहीं. आमच्या घरीं गॅसची शेगडी आली ती १९९८ सालीं. तोंवर तिच्या फुप्फुसांत वीस-पंचवीस वर्षांचा धूर सांठला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें एकट्या २०२० सालीं घरांतील अशा प्रकारच्या धुरानें जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं. वर्गांत हा आंकडा फळ्यावर लिहितांना आमचा हात क्षणभर थांबतो, याचें कारण आतां विद्यार्थ्यांस कळेल.

वडिलांच्या मागें दीड वर्षापूर्वीं आम्हीं आईस आपल्याजवळ राहावयास आणलें. तिच्यासाठीं उत्तरेकडील लहान खोली सजविली. प्लायवुडचें नवें कपाट केलें, भिंतीस नवा रंग दिला, पलंगाखालीं सामान ठेवण्याचे खण करविले. आठ दिवसांत आई म्हणूं लागली कीं, ‘या खोलींत डोळे चुरचुरतात, चुलीपुढें बसल्यासारखें वाटतें.’ आम्हीं हंसून तिची समजूत घातली. कारण त्या खोलींत धूर कोठून असणार? परंतु आईचें नाक आमच्या पदवीपेक्षां खरें ठरलें. प्लायवुडाचे पातळ थर ज्या डिंकासारख्या पदार्थानें एकमेकांस चिकटविलेले असतात, त्यांतून फॉर्मल्डिहाइड नांवाचा वायु महिनेच्या महिने थोडा थोडा बाहेर पडत असतो. हाच वायु लांकडाच्या धुरांतही असतो. त्यानें डोळे व घसा झोंबतो. आणि २००४ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें त्याची गणना मनुष्यास कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत निश्चितपणें केलेली आहे. चुलीपासून आईस सोडविलें म्हणून आम्ही समाधान मानीत होतों, आणि आम्हींच एक न दिसणारी चूल तिच्या उशाशीं आणून ठेविली होती.

अशा मनःस्थितींत रंगाचा एक व्यापारी आम्हांस भेटला. त्यानें या लेपाची माहिती सांगितली, छापील पत्रक दिलें, आणि निरोप घेतांना एक सल्लाही दिला: ‘मास्तर, लेप दिल्यावर खिडकी बंद ठेवीत चला. बाहेरची धूळ कशाला आंत घेतां? भिंतच हवा धुवून काढील.’ आमच्या एका महिन्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा त्या कामीं खर्च झाला. दिवाळीच्या सुटींत लेप लागला, आणि खरोखरच पंधरा दिवस खोलींतील वास नाहींसा झाला. आईचाही खोकला कमी झाला. आमचा आनंद काय वर्णावा! त्याच आनंदाच्या भरांत आम्हीं तें भाषण केलें.

आतां या लेपाची शास्त्रीय हकीगत थोडक्यांत सांगतों. कारण ती खरोखरच सुंदर आहे, आणि आमची चूक झाली म्हणून तिचें सौंदर्य कमी होत नाहीं.

१७९१ सालीं इंग्लंडांतील कॉर्नवॉल परगण्यांत विल्यम ग्रेगर नांवाचे एक पाद्री होते. त्यांस खनिजें तपासण्याचा नाद होता. जवळच्या ओढ्यांतील काळी वाळू तपासतांना लोखंडाखेरीज दुसऱ्या एका अनोळखी धातूचा अंश त्यांस आढळला. चार वर्षांनीं क्लापरोथ या जर्मन रसायनज्ञानें त्या धातूस ग्रीक पुराणांतील टायटन नांवाच्या दैत्यांवरून टायटॅनियम असें नांव दिलें. ती काळी वाळू म्हणजे इल्मेनाइट. मौज अशी कीं, हेंच इल्मेनाइट आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, काळबादेवी, मालगुंड, पूर्णगड या बाजूस वाळूंत मिसळलेलें आहे. ओहोटी लागली म्हणजे ओल्या वाळूवर काळे पट्टे उमटत, आणि त्यांवर काठीनें आपलीं नांवें लिहिण्याचा खेळ आम्ही भावंडें खेळत असूं. त्या काळ्या पट्ट्यांतून पुढें जगांतील अत्यंत शुभ्र भुकटी निघते, हें आम्हांस महाविद्यालयांत जाईपर्यंत ठाऊक नव्हतें.

ही भुकटी म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतींचे रंग, कागद, दांत घासण्याची पेस्ट, अशा नाना पदार्थांस पांढरेपणा आणण्यासाठीं ती वापरतात. परंतु रंगाच्या कारखानदारांस तिची एक खोड फार दिवस जाचत होती. उन्हांत राहिलेल्या भिंतीवरील रंग कालांतरानें खडूसारखा भुसभुशीत होई, हात लावला कीं पांढरा होई. भुकटी उन्हांत जागी होऊन आपल्याच भोंवतालचें तेल व डिंक कुरतडीत होती! १९३८ सालीं लंडनमध्यें गुडीव व किचनर या रसायनज्ञांनीं प्रकाशांत ही भुकटी कपड्याच्या रंगासारखे रंग कसे उडविते याचा पद्धतशीर अभ्यास केला. पुढें १९६७ सालीं टोकियो विद्यापीठांत अकिरा फुजिशिमा हा तरुण विद्यार्थी आपले गुरु केनइचि होंडा यांच्या हाताखालीं काम करीत असतां त्यानें टायटॅनियम डायऑक्साइडाचा स्फटिक पाण्यांत ठेवून त्यावर प्रखर प्रकाश पाडला, तों स्फटिकावरून बुडबुडे उठूं लागले. प्रकाशाच्या बळावर पाणी फुटून त्याचे घटक वायु वेगळे होत होते. १९७२ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत गुरुशिष्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला, आणि जी कारखानदारांची डोकेदुखी होती ती शास्त्रज्ञांच्या आशेचें स्थान झाली.

या भुकटीचें काम कसें चालतें? पुरेशा जोराचा प्रकाशकण तिच्यावर आदळला म्हणजे तिच्यांतील एक इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि त्याच्या मागें एक रिकामी जागा राहते. ही रिकामी जागा पृष्ठभागावरील ओलाव्यापासून हायड्रॉक्सिल नांवाचा अत्यंत तापट तुकडा निर्माण करते, आणि उठलेला इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या रेणूस चेतवितो. मग हे दोघे मिळून जवळ येणाऱ्या सेंद्रिय पदार्थाच्या रेणूचे लचके तोडूं लागतात. काम पुरें झालें तर शेवटीं केवळ कार्बन डायऑक्साइड व पाणी एवढेंच उरतें. भुकटी मात्र खर्च होत नाहीं. लग्नें जुळवून स्वतः मोकळ्या राहणाऱ्या मध्यस्थाप्रमाणें ती पुन्हां दुसऱ्या कामास सिद्ध असते. म्हणून तिला प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात.

‘काम पुरें झालें तर’ असें आम्हीं वर लिहिलें आहे. यांतील ‘तर’ हा शब्द भाषणाच्या दिवशीं आम्हीं गिळला होता. त्या दिवशीं नसते तरी निदान आज त्याचे पैसे चुकते करणें भाग आहे.

जून लागला. पावसाची झोड सुरू झाली, आणि व्यापाऱ्याच्या सल्ल्याप्रमाणें आम्हीं खिडकी घट्ट लावून घेतली. जुलैच्या मध्यास आईचा श्वास इतका लागूं लागला कीं, रात्रीं तिला उशीशीं टेंकून बसावें लागे. डॉक्टरबाई घरीं आल्या. त्यांनीं छाती तपासली, औषध लिहून दिलें, मग खोलीभर नजर फिरवून विचारलें, ‘ही खिडकी केव्हांपासून बंद आहे?’ आम्हीं मोठ्या उत्साहानें त्यांस लेपाचें शास्त्र समजावून देऊं लागलों. इलेक्ट्रॉनचा इलेक्ट्रॉन होतो न होतो तोंच आई पलंगावरून म्हणाली, ‘अरे, तो उजेडानें जागा होतो म्हणतोस ना? मग या खोलींत उजेड कोठें आहे?’

आम्ही गप्प झालों. खोली उत्तरेकडची, खिडकीसमोर दहा हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत, आणि ती खिडकीही बंद. सबंध दिवस एका विजेच्या दिव्यावर काम चाले. बारा वर्षें प्रकाशाचे धडे शिकविणाऱ्या मास्तराच्या ध्यानांत जी गोष्ट आली नाहीं, ती चार इयत्ता शिकलेल्या म्हातारीनें एका वाक्यांत दाखवून दिली. त्याच क्षणीं खिडकी उघडली. रात्रीं थोडा पाऊस आंत आला, फरशी ओली झाली. पण आई पहांटे दोन तास आडवी होऊन झोंपली.

तरीही आमच्या मनाची खात्री होईना. एका रात्रीवरून निकाल देणें शास्त्रास धरून नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आपली चूक कबूल करण्यापूर्वीं मनुष्य शास्त्राचा असा आधार शोधीतच असतो. ऑक्टोबरचें ऊन पडल्यावर आम्हीं नववीच्या वर्गास बरोबर घेऊन एक प्रयोग करण्याचें ठरविलें. लेपाच्या डब्याच्या तळाशीं थोडा लेप शिल्लक होता. तीन पांढऱ्या टाइल्सना तो लाविला, वाळल्यावर त्यांवर जीवशास्त्राच्या कपाटांतील मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचें पातळ द्रावण सारखें पसरविलें. आणि एक टाइल शाळेच्या गच्चीवर उन्हांत, दुसरी वर्गांत विजेच्या दिव्याखालीं, तिसरी कपाटांत अंधारांत, अशी ठेवण्याचें ठरलें. एवढ्यांत एक विद्यार्थिनी उभी राहून म्हणाली, ‘सर, दोरीवर वाळत घातलेल्या ओढणीचाही रंग उन्हानें उडतो, तिला कोणी लेप दिलेला नसतो. मग गच्चीवरची निळाई उन्हानें उडाली कीं लेपानें, हें कसें ओळखायचें?’

प्रयोग मांडणाऱ्याच्या कानशिलांत बसावा असाच हा प्रश्न होता. आम्हीं तिचे आभार मानले आणि लेप न लाविलेली चौथी टाइल तशीच निळी करून गच्चीवर पहिलीच्या शेजारीं ठेविली. सकाळीं दहा वाजतां मांडणी झाली. दुपारीं एक वाजतां पाहतों तों लेपाची टाइल जवळजवळ पांढरी झालेली. बिनलेपाची थोडी फिकी, परंतु निळीच. दिव्याखालची व अंधारांतली, दोन्ही जशाच्या तशा. दिव्याखालची टाइल आम्हीं पुढें चार दिवस तेथेंच ठेविली. तिचा निळेपणा तिळमात्र ढळला नाहीं. वर्गांत मोठा आनंद झाला. आमच्या मनांत मात्र दोन भाव एकदम उठले. लेप खोटा नव्हता, व्यापाऱ्यानें भेसळ केलेली नव्हती. आणि तरीही आमच्या आईच्या खोलींत त्याचा उपयोग नव्हता.

शेवटची खात्री म्हणून एक नवी निळी टाइल, लेप लाविलेली, आम्हीं आईच्या उशाजवळच्या फळीवर ठेविली आणि तिला सांगितलें कीं, ‘निळें जाऊं लागलें म्हणजे मला सांग.’ ती रोज संध्याकाळीं आम्ही शाळेंतून आल्यावर चष्मा लावून पाही आणि म्हणे, ‘अजून निळेंच आहे रे.’ असे तिनें बारा दिवस सांगितलें. तेराव्या दिवशीं आम्हीं विचारणें सोडून दिलें.

असें कां व्हावें? विद्यार्थ्यांनीं हीं कारणें नीट समजून घ्यावींत. परीक्षेसाठीं नव्हे, तर पुढें आपलें घर बांधतांना उपयोगीं पडतील म्हणून.

पहिलें कारण उजेडाचें. सामान्य टायटॅनियम डायऑक्साइड जागा करण्यास ज्याची तरंगलांबी सुमारें ३८८ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी आहे असा प्रकाश लागतो, म्हणजे जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्यांस न दिसणारा. सूर्यप्रकाशांत असे किरण शंभरांत चार-पांच भागच असतात. खिडकीची कांच त्यांतील कांहीं अडविते, आणि हल्लींच्या एलईडी दिव्यांत तर ते जवळजवळ नसतातच. खोली आपणांस लख्ख दिसते म्हणून भिंतीसही ती लख्ख दिसते असें समजणें, ही आमची पहिली चूक.

दुसरें कारण स्पर्शाचें. लेप आपल्या अंगास भिडलेल्या रेणूचेंच काम करूं शकतो; खोलीच्या मध्यें, माणसाच्या नाकाजवळ तरंगणाऱ्या रेणूस तो हांक मारून बोलावीत नाहीं. बंद खोलींतील हवा भिंतीपर्यंत फार मंद गतीनें जाते, आणि तोंपर्यंत कपाट नवा वायु सोडीतच असतें. उलट समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या तर सबंध खोलींतील हवा तासाभरांत कित्येक वेळां बदलते. आणखी असें कीं, धूर व धूळ यांचे जे सूक्ष्म कण फुप्फुसांत खोल जाऊन बसतात, त्यांचा समाचार घेण्यास असली भिंत उपयोगाची नाहीं.

तिसरें कारण सर्वांत विचार करण्यासारखें आहे. तें म्हणजे त्या ‘तर’चें. काम अर्धवट राहिलें तर रेणूचा पुरा नाश न होतां मधलेच पदार्थ हवेंत सुटतात. रंगांतील, फर्निचरांतील किंवा फरशी पुसण्याच्या द्रवांतील वायु अर्धवट मोडले म्हणजे त्यांपासून कधीं कधीं फॉर्मल्डिहाइडच तयार होतो, असें प्रयोगशाळांतून दिसून आलेलें आहे. आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनें घरांतील हवा शुद्ध करण्याच्या साधनांविषयीं लिहितांना या धोक्याची सूचना दिली आहे. ज्या शत्रूस हांकलण्यासाठीं पहारेकरी ठेविला, तोच पहारेकरी दार किलकिलें ठेवून त्याला आंत घेतो, अशांतला हा प्रकार!

मग लेप दिल्यावर पहिले पंधरा दिवस वास गेला तो कशानें? याचें उत्तर फारच साधें निघालें. रंगारी काम करीत असतां कपाट बाहेरच्या ओटीवर काढलें होतें आणि लेप वाळावा म्हणून दारें-खिडक्या रात्रंदिवस उघड्या होत्या. औषधाचें श्रेय आम्हीं भिंतीस दिलें. तें होतें वाऱ्याचें.

कोणी हुशार विद्यार्थी विचारील कीं, टायटॅनियम डायऑक्साइड जर प्रत्येक पांढऱ्या रंगांत आहे, तर प्रत्येक पांढरी भिंत उन्हांत हवा कां धूत नाहीं? प्रश्न योग्य आहे. भिंतीच्या रंगासाठीं या भुकटीची रुटाइल नांवाची जात बहुधा वापरतात, आणि तिनें रंग कुरतडूं नये म्हणून तिच्या कणाकणास अॅल्युमिना व सिलिका यांचें पातळ आवरण देतात. हवा धुण्याच्या लेपांत बहुधा अॅनाटेज नांवाची दुसरी जात, फार बारीक केलेली, उघड्या अंगानें ठेवितात. एकच पदार्थ, परंतु एके ठिकाणीं त्याचा स्वभाव दाबून ठेवावयाचा, दुसऱ्या ठिकाणीं त्यालाच मोकळें सोडावयाचें.

या लेखावरून हा शोधच फुकट आहे असा कोणी ग्रह करून घेऊं नये. तसें झालें तर आम्हीं एका चुकीच्या जागीं दुसरी केली असें होईल. जेथें ऊन व पाऊस दोन्ही मिळतात तेथें ही भुकटी उत्तम काम करते. २००१ सालापासून इंग्लंडांत तिचा अतिपातळ थर दिलेली, ऊन व पाऊस यांनीं आपोआप स्वच्छ होणारी खिडकीची कांच विकण्यांत येऊं लागली. रोम शहरांत २००३ सालीं पुरें झालेलें एक ख्रिस्तमंदिर आहे. रिचर्ड मायर या शिल्पज्ञानें त्याच्या भिंती वाऱ्यानें फुगलेल्या तीन शिडांसारख्या उभारल्या, आणि त्या शुभ्र राहाव्या म्हणून त्यांच्या सिमेंटांत ही भुकटी मिसळली. मात्र अशा लेपांनीं उघड्या शहराची हवाच बदलून जाईल, हेंही अतिशयोक्तीचें आहे. ब्रिटिश सरकारच्या हवाविषयक तज्ज्ञांनीं २०१६ सालीं पुरावा तपासून, त्यांच्या योगें रस्त्यांवरील नायट्रोजनच्या ऑक्साइडांत म्हणण्यासारखी घट होण्याचा संभव नाहीं, असाच अभिप्राय दिला. घरांतील साध्या उजेडानेंही भुकटी जागी व्हावी म्हणून शास्त्रज्ञ झटत आहेत. २००१ सालीं जपानांतील संशोधकांनीं तिच्यांत नायट्रोजनचे अणु मिसळून डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशांतही तिच्याकडून काम करविलें, आणि तेव्हांपासून अनेक देशांत ही खटपट चालू आहे. आपल्या शाळेंतील एखादा विद्यार्थी उद्यां या कामास हात घालील, आणि आमच्या आईच्या खोलीसारख्या खोल्यांसाठीं खराखुरा उपाय शोधून काढील, अशी आम्हांस आशा आहे. त्यानें एवढेंच करावें, चौथी टाइल ठेवावयास विसरूं नये.

नोव्हेंबरांत समितीची बैठक झाली तेव्हां आम्हीं चारही टाइल्स रुमालांत बांधून नेल्या आणि टेबलावर मांडल्या. आपला प्रस्ताव आपण परत घेत आहों असें सांगितलें, आणि कारणेंही सांगितलीं. आम्हांस वाटलें होतें कीं सभासद हंसतील. कोणी हंसलें नाहीं. फक्त एका वृद्ध सभासदांनीं टाइल हातांत घेऊन बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, ‘मास्तर, भाषणापेक्षां हें बरें समजलें.’ रक्कम खिडक्यांकडे वळली. नाताळच्या सुटींत गवंडी लागले. रस्त्याच्या बाजूची भिंत तशीच ठेवून मैदानाच्या बाजूस आठ खिडक्या व समोरच्या भिंतींत वर झरोके काढले, कारण खिडकी कोणत्या दिशेस उघडावी हाही विचार करावयाचा असतो. मोटारींचा धूर आंत घेणारी खिडकी हें कांहीं औषध नव्हे. आतां त्या वर्गांत तिसऱ्या तासास मुलें जांभया देत नाहींत, असें तेथें शिकविणारे शिक्षक सांगतात. ती साक्ष आम्ही त्यांच्या नांवावर ठेवितों. आम्हीं स्वतः तपासलेली नाहीं.

पालकांस आमची एकच विनंति आहे. घरांत नवें कपाट आलें, नवा रंग लागला, म्हणजे कांहीं आठवडे तरी ती खोली मोकळी, उघडी ठेवावी. लहान मूल किंवा म्हातारें माणूस लगेच तींत निजवूं नये. आणि हवा शुद्ध करणारी कोणतीही वस्तु विकावयास कोणी आला तर त्यास दोन प्रश्न विचारावे: हिला काम करावयास काय लागतें, आणि तें माझ्या खोलींत आहे काय? हे प्रश्न आमचे नव्हेत. एका आजारी बाईनें ते पलंगावरून विचारले होते.

आईची प्रकृति पूर्ववत् झाली असें लिहितां आलें असतें तर आम्हांस फार समाधान झालें असतें. तसें लिहितां येत नाहीं; चुलीनें जें नेलें तें कोणतीही खिडकी परत आणून देत नाहीं. औषध चालू आहे. कपाट आम्हीं तिच्या खोलींतून काढून टाकलें, आणि तिचा पलंग पूर्वेकडच्या बाहेरच्या खोलींत आणला. तेथें सकाळचें ऊन पायांवर येतें. उशाजवळची ती निळी टाइल ती बरोबर घेऊन आली होती. आम्हीं विचारलें, ‘आतां हिचें काय काम?’ तर तिनें उत्तर दिलें नाहीं. परवां सकाळीं शाळेस निघतांना पाहिलें, तिनें ती खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर उन्हांत ठेविली होती. संध्याकाळीं परत आलों, तेव्हां ती आम्हांस हांक मारून म्हणाली, ‘बाळा, निळें गेलें बघ.’